कच्चा कट मित्रांना दाखवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या भागात कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी किंवा स्वतःच्या हौसेनं दहा-पंधरा मिनिटांचा सिनेमा करणारी बरीच मुलं-मुली आहेत. कॅमेरा म्हणजे मोबाईल, एडिटिंगला मित्राचा लॅपटॉप, नट म्हणून घरचीच माणसं. शूटिंग होतं, जोडकामही होतं आणि मग गाडी अडते. आता हे दाखवायचं कोणाला, आणि ते जे बोलतील त्याचं करायचं काय? टिळकवाडीतल्या एका खोलीत आम्ही काही जण गेली काही वर्षं एकमेकांचे कच्चे कट, म्हणजे जोडून झालेले पण अजून पक्के न झालेले सिनेमे, बघत आलो आहोत. तिथं पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न आणि माझी उत्तरं खाली दिली आहेत.

कट किती तयार झाला की दाखवायचा?

गोष्ट पहिल्या शॉटपासून शेवटच्या शॉटपर्यंत लागली, की दाखवा. रंग दुरुस्त केलेले नसले तरी चालतं. नावांच्या पाट्या नसल्या तरी चालतं. एखादा शॉट घ्यायचा राहिला असेल तर तिथं काळ्या पडद्यावर ‘इथं आई दार लावते’ एवढं लिहा. बघणारे समजून घेतात.

एक गोष्ट मात्र हवीच : संवाद ऐकू यायला हवेत. आवाज धड नसेल तर सगळे फक्त आवाजावरच बोलतात आणि गोष्टीबद्दल तुम्हाला काहीच कळत नाही.

तात्पुरतं म्हणून एखादं गाजलेलं गाणं किंवा दुसऱ्या सिनेमाचं संगीत खाली टाकू नका. त्या संगीतानं लंगडा सीनही उभा राहतो, बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात, आणि नंतर ते काढलं की सीन पुन्हा बसतो. आधी सीन कोरडा बघू द्या.

नाटकवाल्यांना हे नवं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून मराठी नाटक तालमींत घडत आलं आहे. तालमीत चुकलं तर दुसऱ्या दिवशी सुधारता येतं. आपला कच्चा कट म्हणजे तालीम समजा. रंगीत तालमीलाच पहिल्यांदा माणसं बोलावली, तर तोवर कपडे शिवून झालेले असतात आणि काही बदलायला मन तयार होत नाही.

कोणाकोणाला बोलवायचं?

पाच ते सात माणसं पुरेत. जी शूटिंगला हजर होती ती नकोत. त्यांना पडद्यावर जे दिसत नाही तेही दिसत असतं : त्या दिवशी पाऊस कसा आला, कोण कसं घसरलं. नटांनाही पहिल्या फेरीत बोलवू नका. माणूस स्वतःचा चेहरा बघत बसतो.

आपल्या भागात मी एक गोष्ट आवर्जून सांगते. आपल्याला दोन तऱ्हेचे बघणारे लागतात : घरचे आणि बाहेरचे. घरचा म्हणजे ज्याला तुमची गल्ली, तुमची बोली, तुमचे सण ठाऊक आहेत. बाहेरचा म्हणजे पुण्याचा, नागपूरचा, धारवाडचा, ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही. एकट्या घरच्यांवर विसंबलात तर सिनेमा कुठं बंद पडतो ते कळत नाही, कारण रिकाम्या जागा ते स्वतःच भरतात. एकट्या बाहेरच्यांवर विसंबलात तर सिनेमा तुमचा राहत नाही.

एका मुलाच्या कटमध्ये सुरुवातीलाच एक शॉट होता : आजोबा आरशासमोर उभे राहून शर्टाला काळी फीत लावतात आणि चपला घालून बाहेर पडतात. आमच्यातल्या कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुण्याहून आलेल्या मैत्रिणीनं सिनेमा संपल्यावर पहिला प्रश्न केला, ‘घरात वारलं कोण?’ पूर्ण बारा मिनिटं ती त्या मृत्यूची वाट बघत होती. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, दर वर्षी त्या तारखेला इथली मराठी माणसं काळा दिन पाळतात आणि त्याच दिवशी त्याच शहरात कर्नाटक राज्योत्सवाची धामधूम असते, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. तिला कुठून माहीत असणार?

मुलाला आधी वाटलं, निवेदन टाकावं आणि सगळा इतिहास सांगून मोकळं व्हावं. सुदैवानं त्यानं ते केलं नाही. एका सकाळी त्यानं एकच नवा शॉट घेतला. आजोबा जिना उतरतायत, शेजारचा कन्नड घरातला तरुण गळ्यात लाल-पिवळं उपरणं घालून त्याच जिन्यावरून निघालाय. जिना अरुंद. तरुण भिंतीला टेकून आजोबांना वाट देतो, आजोबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून उतरतात. लांबून मिरवणुकीचा आवाज येतो. पुढच्या वेळी नागपूरचा एक मुलगा बघायला होता. त्याला तारीख सांगता आली नाही, पण तो म्हणाला, ‘एकाच दिवशी ह्या दोघांचं काहीतरी वेगवेगळं आहे, आणि तरी ते एका जिन्यावर राहतात.’ ह्याहून जास्त त्या शॉटकडून काय हवं होतं?

म्हणून बाहेरचा एक तरी माणूस धराच. कन्नड घरातला एक मित्र धरा. आणि एखादी आत्या, मावशी, शेजारच्या काकू, जिला शॉर्ट फिल्म वगैरेशी काही देणंघेणं नाही. कंटाळा आला की ती उठून गॅसवर काय ठेवलंय ते बघून येते, आणि ती नेमकी कधी उठली ते तुम्ही लिहून ठेवायचं.

दाखवण्याआधी काय सांगावं?

किती मिनिटांचा आहे, काय काय बाकी आहे, बस्स. माझा पहिला सिनेमा दाखवताना मी आधी पाच मिनिटं बोलले : विषय कसा सुचला, नायिका अशी का वागते, शेवटाचा अर्थ काय. बघून झाल्यावर सगळ्यांनी मला माझाच अर्थ परत सांगितला. मला वाटलं, सिनेमा पोचला. पुढे तोच सिनेमा एका स्पर्धेत अनोळखी माणसांनी पाहिला तेव्हा कळलं की पडद्यावर त्यातलं काहीच नव्हतं. तो शेवट मला नंतर दुरुस्तही करता आला नाही, कारण तोवर आमचं घर बदललं होतं आणि ती खोली हातची गेली होती.

व्हॉट्सॲपवर पाठवला तर चालेल ना?

गोष्ट वाचून घ्यायला चालेल, सिनेमा जोखायला नाही. व्हॉट्सॲप फाईल दाबून लहान करतं. अंधारातले सीन चिखल होतात. शिवाय माणूस बसमध्ये बघतो, मध्येच फोन येतो. शक्य असेल तर एका खोलीत, टीव्हीवर, खिडक्या लावून बसवा. दूरच्या माणसाला खासगी लिंक द्या आणि इअरफोन लावून एका बैठकीत बघायला सांगा.

चित्राच्या कोपऱ्यात मिनिट-सेकंद दिसत राहतील अशी सोय करा. डाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही डेटा बर्न-इन नावानं ती आहे. मग ‘तो मधला जरा ओढलेला सीन’ असं कोणी म्हणत नाही, ‘४ मिनिटं १० सेकंद’ असं म्हणतं. फाईलला नाव देताना कट १, कट २ आणि तारीख लिहा. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘एकदम फायनल’ अशा फायलींच्या ढिगात चुकीचा कट दाखवला गेल्याचं मी दोनदा पाहिलंय.

आणि तुम्ही कुठं बसायचं? बाजूला, जिथून पडदा नाही तर माणसं दिसतील. तोंडानं माणूस सौजन्य दाखवतो, अंगानं दाखवत नाही. कोण पुढे सरकलं, कोणी पाय बदलला, कोणाच्या चेहऱ्यावर मोबाईलचा उजेड पडला. तीन मोबाईल एकाच मिनिटाला उजळले तर ती नोंद कुठल्याही भाषणाइतकी मोलाची.

बघून झाल्यावर काय विचारायचं?

‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ‘छान’ हे एकच उत्तर आहे.

आधी विचारा, काय दिसलं? गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. कोण कोणाचं काय लागतं, कोणाला काय हवं होतं, शेवटी काय झालं. तुम्ही बापलेकीची गोष्ट केली असेल आणि बघणारा ‘मामा-भाची’ म्हणत असेल, तर अभिनय, प्रकाश, संगीत ह्यांवर बोलण्यात अर्थ नाही. आधी नातं कळलं पाहिजे. मग विचारा, कुठं मन भरकटलं? कुठं गोंधळ झाला? कुठलं दृश्य घरी जाताना डोळ्यांसमोर राहील? आणि शेवटी तुमच्या मनातली शंका, पण तिचं उत्तर आत न दडवता. ‘आईचा राग जास्त झाला का?’ असं विचारलं की होकारच मिळतो. ‘आई तुम्हाला कशी बाई वाटली?’ असं विचारा.

अमेरिकन नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन ह्यांनी १९९० च्या सुमारास कलाकारांसाठी अशा चर्चेची एक पद्धत बसवली. तिच्यात चार पायऱ्या आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्यांनी काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग करणाऱ्यानं आपले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवलेलं नको. आणि अगदी शेवटी मत, तेही करणाऱ्याची परवानगी घेऊन : ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ आम्ही हे जसंच्या तसं करून पाहिलं. परवानगी मागायला पहिल्या दिवशी सगळ्यांना अवघड वाटलं, कारण आपल्याकडे मत विचारून कोण देतं! पण तिसऱ्या पायरीवरच इतकं काही बाहेर येतं, की चौथ्या पायरीला बहुतेकदा कोणाकडे फारसं उरत नाही.

सगळे ‘छान आहे’ म्हणतात. मग झालं की!

नाही झालं. मित्र आहेत, चहा तुमचा प्यायलेत, ते छानच म्हणणार. त्यांना सांगा, तीन मिनिटं कापायचीच आहेत, स्पर्धेचा नियम आहे, कुठली कापू? एका क्षणात कळेल त्यांना काय नकोसं झालं होतं.

प्रत्येक जण वेगळंच सांगतो. ऐकायचं कोणाचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वडगावातल्या यंत्रमागाच्या घरातली एक गोष्ट होती. नातीला पुण्यात नोकरी लागलीय, ती आजीला सांगायला येते. आजी मागावर आहे. नात बोलते, आजी मान वर करत नाही, आणि बऱ्याच वेळानं म्हणते, ‘तुझ्या आईनंबी असंच सांगितलं होतं.’ सगळा सिनेमा ह्या एका वाक्यावर उभा.

कट दाखवला. पहिला म्हणाला, बॅकग्राउंड म्युझिक फार मोठं आहे. सिनेमात म्युझिकच नव्हतं. दुसरी म्हणाली, आजीचा अभिनय कमी पडतो. तिसरा म्हणाला, सीन लांबलाय, अर्धा करा. चौथी काहीच बोलली नाही. करणारी मुलगी रडकुंडीला आली. एक म्हणतो आवाज, एक म्हणते अभिनय, एक म्हणतो लांबी.

वही उघडली तेव्हा दिसलं की तिघांच्याही नोंदी ७ मिनिटं ४० सेकंद ते ८ मिनिटं ३० सेकंद ह्या पन्नास सेकंदांतल्या होत्या. औषधं तीन, दुखणं एकच. माणूस कुठं दुखतं ते बरोबर सांगतो. कशानं दुखतं हे त्याला सांगता येईलच असं नाही, आणि ते त्याचं कामही नाही. आम्ही तो तुकडा डोळे मिटून ऐकला. मागाची खटखट इतकी होती, की वाक्य कानावर यायला जोर लावावा लागत होता. कान ताणून बसलेल्याला खटखट मोठी वाटणारच, आजीचा चेहरा वाचायला उसंत मिळणार नाही, आणि सीन लांबही वाटणार.

आता उपाय. आवाज खाली करून वाक्य डब करता आलं असतं. पण त्या मुलीनं सगळं फूटेज पुन्हा बघितलं आणि तिला पहिल्या दिवशीचा एक टाकून दिलेला शॉट सापडला. दिवस संपताना आजी दांडा ओढून माग बंद करते. धोटा एका टोकाला जाऊन थांबतो. पट्टा दोन फेरे फुकट फिरतो आणि खोलीत एकदम इतकी शांतता पसरते, की बाहेरच्या नळाचं पाणी ऐकू येतं. तिनं तो शॉट आजीच्या वाक्याआधी लावला. सीन कमी झाला नाही, उलट अकरा सेकंदांनी वाढला. पुढच्या फेरीत कोणी लांबीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आजीच्या अभिनयाचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. आजीनं नव्यानं काहीच केलं नव्हतं.

तेव्हा सल्ल्यांची मतमोजणी करू नका. नोंदी मिनिटांप्रमाणे लावा आणि त्या कुठं दाटतात ते बघा. आणखी एक गोष्ट अनुभवानं कळली आहे : जिथं तक्रार आहे, कारण पुष्कळदा त्याच्या आधी असतं. ‘शेवटी ती का रडते कळलं नाही’ असं सगळे म्हणत असतील, तर शेवटचा सीन कुरतडत बसू नका. दुसऱ्या मिनिटाला जे पेरायला हवं होतं ते पेरलं गेलेलं नसतं.

बाहेरचे लोक म्हणतात भाषा चुकलीय. संवाद सुधारून प्रमाण करू का?

कृपा करून करू नका. मी हे कळकळीनं लिहितेय.

कोल्हापूरपासून इकडे बेळगावपर्यंत कितीतरी घरांत बायका, मुली ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. मीही घरी आईला ‘येतो गं’ म्हणूनच बाहेर पडते आणि लिहायला बसले की ‘येते’ लिहिते. एका मुलीच्या सिनेमात नायिका दारातून वळून म्हणते, ‘आई, मी येतो.’ मुंबईच्या दोघांनी ती चूक म्हणून नोंदवली. एकाला तर वाटलं, आवाज चुकून मुलाचा लागलाय. मुलगी घाबरली आणि पुन्हा डब करायला निघाली.

इथं दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. बघणारा अडखळला, हे खरं आहे आणि ते ऐकायलाच हवं. पण त्यानं सुचवलेला उपाय, म्हणजे तिची जीभ बदलणं, हा सिनेमाला मारून टाकणारा आहे. त्या मुलीनं काय केलं? सुरुवातीलाच एक सहा-सात सेकंदांचा तुकडा घेतला : गल्लीत तीन मुली, तिघी घाईत एकमेकींना ‘मी येतो की’, ‘मी नाही येत, मी उद्या जातो’ असं बोलतायत. कानाला एकदा सवय झाली, की दारातलं ‘येतो’ कोणालाच खटकत नाही. नवीन बघणाऱ्यांतल्या एकानंही त्याचा विषय काढला नाही.

शब्द अडत असेल तर सबटायटल आहेच. मराठी सिनेमाला मराठी सबटायटल देण्यात काही कमीपणा नाही.

कन्नड संवाद आहेत. ते कोणाकडून तपासून घ्यावेत?

ज्याच्या घरात ती कन्नड बोलली जाते त्याच्याकडून. आपली मुलं कन्नड संवाद पुष्कळदा सिनेमा-सीरियलच्या कानानं लिहितात. एका कटमध्ये शेजारीण विचारते, ‘ऊट आयता?’ गोकाकचा मित्र लगेच म्हणाला, ही बाई बेंगळुरूहून आलीय का? आमच्याकडे ‘ऊट आतेन री?’ म्हणतात. जेवण झालं का, एवढाच प्रश्न. पण त्या एका शब्दानं बाई शेजारची राहते की पाहुणी होते ते ठरतं. आपल्या ‘मी येतो’साठी आपण भांडतो, तेवढीच काळजी त्यांच्या ‘आतेन’ची घ्यायला हवी.

त्या मित्राला तो सीन मोठ्यानं बोलूनही घ्यायला सांगा. कागदावर बरोबर असलेलं तोंडात बरोबर बसेलच असं नाही.

माझा सगळ्यांत देखणा शॉटच काढा म्हणतात!

बहुतेक वेळा ते बरोबर असतात. पावसाळ्यातला गोकाकचा धबधबा, १७१ फुटांवरून कोसळणारं तांबूस पाणी, झुलता पूल. किंवा राजहंसगडावरून दिसणारं धुकं. जीव धोक्यात घालून, छत्रीखाली मोबाईल धरून घेतलेलं असतं. मीही असा चाळीस सेकंदांचा धबधबा सिनेमाच्या मधोमध ठेवला होता. सगळ्यांनी ‘काय शॉट आहे!’ म्हटलं. आणि कुठं मन भरकटलं ह्या प्रश्नाला त्याच सगळ्यांनी त्याच्यानंतरचं मिनिट दाखवलं. शॉट सुंदर होता, पण तेवढ्या वेळात ते नायकाला विसरून गेले होते. मी तो सहा सेकंदांवर आणला. वाईट वाटलं, अजूनही ती फाईल मी जपून ठेवली आहे.

कप उजव्या हातात होता, पुढच्या शॉटला डाव्या हातात. मित्रांनी दाखवून दिलं. पुन्हा शूट करू?

फक्त एकानंच पाहिलं असेल तर सोडून द्या. प्रसिद्ध एडिटर वॉल्टर मर्च ह्यांनी कट कुठं करावा, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर कुठं जावं, ह्याचे सहा निकष सांगितले आणि त्यांना वजनं दिली : भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, लयीला १०. वस्तू आणि माणसं जागच्या जागी आहेत की नाहीत, ह्या शेवटच्या निकषाला फक्त ४. सगळ्यांनीच कप पाहिला असेल, तर मात्र विचार करा. पण कपाचा नाही. समोर आई रडत असताना सगळे कपाकडे का बघत होते, ह्याचा.

सर एक म्हणतात, मित्र दुसरंच म्हणतात.

सरांना किंवा मॅडमना तुमच्या वहीतल्या मिनिटांच्या नोंदी दाखवा. ‘सर, सात जणांपैकी पाच जणांना इथं नातं कळलं नाही’ असं सांगितलं, की वाद मतांचा राहत नाही. मार्कांपुरता सरांचा कट वेगळा द्यावा लागला तर द्या. तुमचा कट वेगळा जपून ठेवा. शेवटचा निर्णय करणाऱ्याचाच. पिक्सार ह्या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओत त्याचे एक संस्थापक एड कॅटमल ह्यांनी वाढवलेल्या ‘ब्रेनट्रस्ट’ बैठकांत अनुभवी दिग्दर्शक एकमेकांच्या कच्च्या सिनेमावर स्पष्ट बोलतात, पण तिथल्या कोणालाही हुकूम देण्याचा अधिकार नसतो. आपल्या खोलीतही हाच नियम ठेवा.

मित्राचा सिनेमा मला आवडला नाही. कसं सांगू?

तुमच्यात काय झालं ते सांगा, त्याच्यात काय कमी आहे ते नको. ‘तुला एडिटिंग जमत नाही’ ह्यानं माणूस बंद होतो. ‘तिसऱ्या मिनिटाला बस निघून गेली, तेव्हा मला वाटलं तो गेला, मग तो पुन्हा घरात दिसला तेव्हा मी गोंधळलो’ ह्यानं तो टाइमलाइन, म्हणजे एडिटिंगमधली शॉट जोडायची पट्टी, उघडतो. आणि आपला सिनेमा त्याच्यावर लादू नका. ‘मी असतो तर शेवटी तिला मारलं असतं’ ह्या वाक्याचा कोणालाच उपयोग नाही.

जे चांगलं आहे तेही नेमकं सांगा. ‘मस्त’ म्हणून काय कळणार? ‘बाप पावती चार घड्या घालून खिशात ठेवतो, तिथं मला पोटात तुटलं’ असं सांगितलं, तर तो शॉट काढण्याची चूक तो करणार नाही. कच्च्या कटमधल्या चांगल्या गोष्टी बऱ्याचदा दुरुस्तीच्या धांदलीतच हरवतात.

ऐकताना खूप लागतं. मध्येच उत्तर द्यावंसं वाटतं.

लागणारच. वर्षभराची मेहनत असते, आईचे दागिने ठेवून मोबाईल घेतलेला असतो. पण त्या वेळी लिहीत राहा. हात गुंतला की तोंड गप्प राहतं. ‘नाही, म्हणजे मला असं दाखवायचं होतं की’ असं वाक्य ओठांवर आलं, तर ते वहीत लिहा आणि पुढे विचारा : हे पडद्यावर कुठल्या सेकंदाला आहे? दोन दिवस टाइमलाइन उघडू नका. तिसऱ्या दिवशी वही वाचताना ज्या नोंदींचा राग गेला असेल, त्या आधी हाती घ्या.

दुरुस्ती कुठून सुरू करायची? पुन्हा शूटिंग परवडत नाही.

स्वस्तापासून महागाकडे जा. आधी काढून बघा : सीनचे पहिले चार सेकंद, शेवटचे चार सेकंद, मग अख्खा सीन. मग क्रम बदलून बघा. मग आवाज, एक दाराची कडी, एक सायकलची घंटा, पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी घातलेलं एक वाक्य पुष्कळ काम करतं. एवढं करून भागलं नाही तरच शूटिंग. आणि आपल्याकडे जूनमध्ये पाऊस लागला, की मे महिन्यातलं अंगण परत मिळत नाही. तेव्हा पहिली फेरी पावसाच्या आधी उरकेल असं बघा.

तांत्रिक चुका कोणी दाखवल्या तर?

त्या एका वेगळ्या पानावर लिहा आणि गोष्ट पक्की झाल्यावर हाती घ्या. दोन चुका सारख्या येतात. ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे, म्हणून कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आणि मोबाईलवर घेतलेल्या शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. मोबाईल फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, कमी-जास्त करत असतो, तेव्हा एडिटच्या आधी फाईल एकाच फ्रेम रेटला बदलून घ्या.

किती फेऱ्या कराव्यात?

तीन. पहिली गोष्टीसाठी, दुसरी लांबी आणि लयीसाठी, तिसरी आवाज आणि सबटायटलसाठी. सिनेमा पहिल्यांदा बघणारा डोळा एकदाच मिळतो. म्हणून सात जणांना एकदम बोलावून संपवू नका. दोघं-तिघं शेवटच्या फेरीला राखून ठेवा, आणि त्यांना आधी एक शब्दही सांगू नका. आमच्याकडे एक मैत्रीण आहे, तिच्यासमोर आम्ही कोणाच्याच सिनेमाबद्दल बोलत नाही. ती शेवटची बघणारी.

बघायला आलेल्यांची नावं सिनेमात द्यायची का?

द्याच. आणि प्रत्येकाला नाव कसं लिहायचं ते विचारून घ्या. आपल्या भागात एकच आडनाव मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक असं लिहिलं जातं. ज्याला जे आपलं वाटतं ते लिहा. पूर्ण झालेला सिनेमा सगळ्यांत आधी त्यांनाच दाखवा, कच्चा कट पाहिला त्याच खोलीत.